स्वस्तात बनणारी तबकडी

चुकल्यामुळे हरलेली माणसं जगात पुष्कळ असतात. बरोबर असूनही हरलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तुमसरच्या बाजारात त्यांचं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे आणि दुकानामागेच घर. दुकानात शिरलेल्या माणसाला ते बसा म्हणत नाहीत, चहाचं विचारत नाहीत. चष्मा कपाळावर चढवून थेट विचारतात, "स्वस्तात बनणारी वस्तू हारते कशी, सांगा बरं?" लग्नाची तारीख द्यायला आलेला मुलीचा बाप बिचारा गोंधळून जातो आणि पाहुण्यांना विचारून सांगतो म्हणून बाहेर पडतो.

वस्तू म्हणजे तबकडी. साध्या डीव्हीडीनंतर जास्त स्पष्ट चित्र दाखवणाऱ्या दोन नव्या तबकड्या निघाल्या होत्या, एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे, आणि दोघींची चांगलीच जुंपली होती. आमच्या भंडारा जिल्ह्यात तेव्हा लोक साध्या सीडीवर खूश होते; या भांडणाशी कोणाचं काही देणंघेणं नव्हतं. साडूभाऊंनी मात्र ते घरच्या वाटणीचं भांडण असल्यासारखं अंगावर घेतलं. कुठून कुठून कागद मिळवून कोणती तबकडी कारखान्यात कशी बनते, कशाला किती खर्च येतो, याचा त्यांनी वर्षभर अभ्यास केला. मी आंधळगावच्या शाळेत गणित शिकवतो, म्हणून तो अभ्यास तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगतो, तेव्हाही त्यातलं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही आणि आजही शिरत नाही.

"मास्तर, एकदम सोपं आहे," असं म्हणून ते सुरू करायचे. एकदा तर आमच्यासाठी केलेली पुरणपोळी त्यांनी ताटातच ब्लेडनं उभी कापली. "हे पाहा. एचडी डीव्हीडीचा माल, म्हंजे चित्र, असते मधात, या पुरणासारखा. जुन्या डीव्हीडीचाही मधातच. म्हणून जुन्याच मशीनवर थोडा फेरफार केला का झालं काम. अन् ब्लू-रेचा माल असते वरच्या कातडीखाली, पोळीवर तूप लावल्यासारखा. बोट लागलं का गेला. मंग त्याच्यावर कडक लेप द्या, त्याच्यासाठी नवं मशीन आणा. आता चाळणी बदलून भागत असन तं आपला राईस मिलवाला नवी मिल कायले बांधन?" मी मान हलवली आणि गणिताच्या शिक्षकाला शोभेल अशा सुरात म्हणालो, "म्हणजे पुरणाची महाग." त्यांनी ब्लेड खाली ठेवून दिलं. स्वयंपाकघरातून ताई, म्हणजे माझी मेहुणी, बाहेर आली आणि म्हणाली, "मास्तर, तुमी खा आधी. हे रोज मलेच समजावून राहिले, मले तरी कुठं समजते?"

पण अभ्यासावर थांबतील तर ते साडूभाऊ कसले. नागपूरच्या एका व्यापाऱ्याला सांगून त्यांनी एचडी डीव्हीडीचं मशीन मागवलं आणि त्याच्यावर पहिलं लग्न उतरवलं ते आमचं, आदल्या वर्षी त्यांनीच कॅसेटवर घेतलेलं. तबकडी शंभर वर्षं टिकते, मग कॅसेट कशाला अडकवून ठेवायची, असा हिशेब करून मूळ कॅसेटवर त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात कारध्याचं एक लग्न घेतलं. आणि थोड्याच दिवसांत बातमी आली की ब्लू-रे जिंकली, एचडी डीव्हीडी बनवणंच बंद. साडूभाऊ दोन दिवस दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले होते. आमच्या लग्नाचं झालं असं की ते त्या एका तबकडीवर उरलं, आणि ती तबकडी त्या एका मशीनवर चालणार.

याचं मला एरवी काही वाटलं नसतं. लग्नात मी कसा दिसत होतो हे न पाहिलेलंच बरं. पण त्यात माझी आई आहे. फोटोतही ती पदर तोंडावर घ्यायची. बोलताना, चालताना ती दुसरीकडे कुठंही नाही. लग्नानंतर तीन वर्षांत ती गेली. तबकडीत बुद्धवंदना संपते, पंगती बसतात, आणि पांढऱ्या लुगड्यातली आई सरळ कॅमेऱ्यापुढे येऊन विचारते, "बाबू, तू जेवला का?" कॅमेऱ्यामागचा माणूस मुलीकडचा थोरला जावई आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला वाटलं, शूटिंगवाला पोरगा सकाळपासून उपाशी उभा आहे. तो होताच उपाशी.

तेव्हापासून दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही तुमसरला जायचो. तबकडी सुरू झाली की साडूभाऊंचा खर्चाचा पाढा सुरू व्हायचा, आणि फक्त आईच्या त्या वाक्याला ते गप्प व्हायचे. मी कॉपी मागितली की म्हणायचे, "पाहू." दोन वर्षांपूर्वी ताई गेली. तरी आम्ही जात राहिलो.

यंदा मशीननं तबकडी आत घेतली, घरघर केली आणि बाहेर टाकली. तीनदा. बायको उठून अंगणात गेली. मी साडूभाऊंना आजवर कधी वाकडा शब्द बोललो नव्हतो, पण त्या दिवशी बोललो. "स्वस्त-महाग करता करता माझी माय घालवली तुमी."

कपाटातून एक पेनड्राइव्ह काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "मशीनमधून कॉपी निघेचना, मास्तर. म्हणून एका साली तुमच्या मागं कॅमेरा लावून टीव्हीचंच शूटिंग घेतलं होतं."

"मंग देलं काहून नाही?"

"घरी पाहा," एवढंच म्हणून ते मशीन पुसायला लागले. मला काही कळेना. राग धरावा की आभार मानावेत, तेही कळेना.

घरी लावलं. आधी दिसली आमची दोघांची डोकी, पाठमोरी, आणि त्यांच्यामध्ये टीव्हीवर आमचं लग्न. वर साडूभाऊंचा आवाज, पुरण, तूप, कडक लेप. मग आई पुढे आली. "बाबू, तू जेवला का?" साडूभाऊंचा आवाज थांबला. आणि त्या शांततेत मागून ताई म्हणाली, "नाही जेवले ते अजून. सांगा तुमीच. माह्या पोळ्या थंड होऊन राहिल्या."

बायकोनं रिमोट घेऊन ते तीनदा मागं नेलं. मग ती रडली, आणि खोटं कशाला सांगू, मीही रडलो. ताईचाही आवाज आमच्याकडे दुसरा नव्हता. त्यांच्याकडे तरी कुठं असणार? पेनड्राइव्ह त्यांच्या हातून का सुटत नव्हता, ते तेव्हा कळलं.

मी त्यांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून आपसूक निघालं, "साडूभाऊ, जेवले का?"

पलीकडे दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला.

"नाही अजून," ते म्हणाले.

"रविवारी इकडंच या. ही पुरणपोळ्या करून राहिली."

"माल मधात कोणत्या तबकडीत असते, ते तरी ध्यानात आहे का, मास्तर?"

मी अगदी मनापासून आठवून पाहिलं. "नाही," मी म्हणालो.

"येतो मंग," ते म्हणाले.