बर्फात अडकलेल्या वृंदाताई

वृंदाताईंची नि माझी पहिली भेट कचऱ्यावरून झाली. हिगाशी-कसाईतल्या त्या इमारतीत मी नि माझा नवरा नुकतेच राहायला आलो होतो. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर पन्नाशीच्या एक बाई आणि त्यांच्या हातात माझीच कचऱ्याची पिशवी. "ही तुमचीच ना? कांद्याच्या सालींबरोबर बाटल्या टाकल्यात. जपानात आधी कचरा शिकायचा, मग भाषा!" सरळ आत आल्या, पिशवी उघडून मला सगळं समजावलं आणि जाताना म्हणाल्या, "संध्याकाळी दोघं जेवायला या. नाही म्हणायची सोय नाही."

त्यांचे यजमान अशोकराव बँकेत होते, पण आठवडाभर नागोयाला असायचे. वृंदाताई सुपरमार्केटमध्ये पार्ट-टाइम काम करायच्या आणि उरलेल्या वेळात आम्हा सगळ्या मराठी घरांवर राज्य करायच्या. सहली त्याच ठरवत. "टोपी कुठाय? पाणी प्यायलास? चला, पाय उचला!" पुरुषमंडळी पाठीमागे त्यांना सुभेदार म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

त्या फेब्रुवारीत त्यांनी आम्हाला डोंगरातल्या एका गावी नेलं. एकेरी रुळावरची छोटी गाडी, लाकडी घरं, गल्लीबोळांतून निघणारी गरम पाण्याची वाफ. नाशिकला त्यांच्या आईचं मांडीचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया नीट झाली होती आणि पुढच्या आठवड्याचं वृंदाताईंचं तिकीट काढलेलं होतं. "आईला हिमालय बघायचा होता, गुडघ्यांनी जाऊ दिलं नाही. आज इथूनच दाखवते," असं म्हणून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि बर्फाने लपेटलेले डोंगर दाखवले. आई हसल्या. "पुरे गं, मला इथे थंडी वाजायला लागली!"

दुपारी बर्फ वाढला. आम्ही स्टेशनावर पोचलो तेव्हा गाड्या बंद झाल्या होत्या. खाली उतरणारा रस्ताही बंद. रॉकेलच्या शेगडीभोवती आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो. खिडक्या हळूहळू पांढऱ्या होत बुजून गेल्या. पोरं कुरकुरत होती, वृंदाताई दशम्या वाटत होत्या. तेवढ्यात नाशिकहून त्यांच्या धाकट्या भावाचा, मुकुंदचा फोन आला.

त्यांनी ऐकून घेतलं. "कधी?" एवढंच विचारलं. मग हातातली दशमी नीट डब्यात ठेवली.

आई गेल्या होत्या. एकाएकी धाप लागली आणि संपलंच. मुकुंद विचारत होता, "ताई, तू येईपर्यंत थांबू का?"

वृंदाताई स्टेशनमास्तरांकडे गेल्या. गाडी कधी सुटेल ते आज सांगता येणार नाही, असं ते मान खाली घालून म्हणाले. वृंदाताईंनी पर्स उचलली आणि दार ढकलून बाहेर पडल्या. टोपी नाही, हातमोजे नाहीत. मी मागे धावले. त्या गुडघाभर बर्फातून रुळांच्या दिशेने निघाल्या होत्या.

"वृंदाताई, कुठे निघालात?"

"पुढच्या स्टेशनावर. तिथून मिळेल काहीतरी."

स्टेशनमास्तर धावत येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. पुन्हापुन्हा वाकून माफी मागत होते, पण बाजूला होत नव्हते. वृंदाताई मराठीतच ओरडल्या, "मला जाऊ द्या हो! माझी आई आहे ती!" स्टेशनमास्तरांना शब्द कळले नसतील. तरी त्यांचेही डोळे भरून आले. पुढे पाहिलं तर रूळच दिसत नव्हते. वृंदाताई बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या, आणि मग मागे फिरल्या.

"मुकुंदा, थांबू नकोस," त्या फोनवर म्हणाल्या. "तिला ताटकळत ठेवू नका."

स्टेशनमास्तरांनी आपली छोटी खोली उघडून दिली. आत फक्त त्या आणि मी. तिकडे व्हिडिओ कॉलवर भावजयीने फोन धरला होता. मुकुंदने आईच्या ओठांवर तुळशीपत्र ठेवलं. "ताई, बघ," तो म्हणाला. आईंना उचललं आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. ते परत हललंच नाही.

वृंदाताईंनी फोन पालथा ठेवला. त्या कुडकुडत होत्या.

"अशोकरावांना कळवू का?" मी विचारलं.

"कळवू नंतर." मग म्हणाल्या, "आता मला रागावणारं कुणी उरलं नाही गं. सगळ्यांना मीच रागावते." माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाल्या, "तू रागाव ना मला जरा."

मी त्यांच्या निम्म्या वयाची. जीभ रेटेना. पण त्या वाट बघत होत्या.

"अक्कल आहे का तुला?" मी म्हटलं. "बर्फात अशी कुणी जातं? पाय बघ केवढे भिजलेत. मोजे काढ आधी!"

तिने निमूटपणे वाकून मोजे काढले. मी तिचे गारठलेले पाय मांडीवर घेऊन माझ्या शालीने पुसू लागले, आणि ती मोठ्याने रडली. बाहेर पोरांची खाण्यावरून भांडणं जुंपली होती. कुणीतरी "वृंदाताई" म्हणून हाकही मारली. ती उठली नाही.