बाबांची टेप आणि तीन पिकअप

माझे बाबा काचवाले. तीस वर्षं खिडक्यांच्या, कपाटांच्या काचा कापून बसवतायत. मी दुकानात ऑर्डरी घेते. बाबांचा नियम एकच: ज्यानं कापायचं त्यानंच मोजायचं. दुसऱ्याच्या मापावर त्यांनी कधी काच कापली नाही, माझ्याही नाही.

जुनी पिकअप चढावर धापा टाकायला लागली, तेव्हा नवी घ्यायचं ठरलं. आमच्याकडे साधी बादली घ्यायची तरी चार दुकानं पालथी घालतात, ही तर गाडी. तीन छोट्या पिकअपची माहितीपत्रकं दीड महिना जेवणाच्या टेबलावर पडून होती. पहिली स्वस्त, पण पेट्रोल ढोसणारी. दुसरी लिटरला अठरा किलोमीटर देणारी, पण मागचा हौदा काचांना पुरेल की नाही ही शंका. तिसरी सगळ्यात महाग. तिला मागचा कॅमेरा आणि काही आडवं आलं की टीं टीं वाजणारा सेन्सर.

असल्या गोष्टींना बाबा पूर्वी हसायचे. "गाडी घ्यायची की टीव्ही?" म्हणायचे. आणि त्या दिवशी शोरूममध्ये शिरल्याशिरल्या त्यांनी आधी कॅमेऱ्याचंच विचारलं. म्हातारपणी हौस सुचली, म्हणून मी त्यांना चिडवलं. त्याची मला अजून लाज वाटते.

कंपनीच्या आकड्यावर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. खिशातली टेप काढून त्यांनी दुसऱ्या पिकअपचा हौदा मोजला.

"सात फूट तीन इंच. आपल्या साडेसात फुटी काचा मावत नाहीत. ही बाद."

मी वाकून पाहिलं. सात फूट आठ इंच होते.

केसाइतकी चूक न करणारा माणूस पाच इंच चुकला होता. मग आदल्याच महिन्यात वाया गेलेल्या दोन काचा आठवल्या. "गिऱ्हाइकाची भिंतच वाकडी," म्हणाले होते. फाटकाला घासलेली गाडीही आठवली.

"बाबा, कधीपासून दिसत नाहीये?"

"डावा डोळा वर्षभर. उजव्याचं डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकवू. आईला बोलू नकोस."

मला रडू यायच्या आधी राग आला. वर्षभर हा माणूस अशा डोळ्यांनी रस्त्यावर गाडी चालवत होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

"कॅमेरा गाडी चालवणार नाही, बाबा. आणि काचही कापणार नाही."

बाबांनी टेप माझ्या हातात ठेवली.

"परत मोज."

मी मोजलं आणि मोठ्यानं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, हातानं चाचपत त्याच गाडीचं स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, "बस. तुझा पाय क्लचला पुरतोय का बघ."