निखळलेला जबडा

स्पिरिटचा वास आला की अजूनही माझा हात आपोआप हनुवटीखाली जातो. बदली होऊन मी कलकत्त्याला नवीन आलो होतो, लग्न व्हायचं होतं, आणि खिदिरपूरला गोदीजवळच्या एका खोलीत एकटाच राहायचो. एका रविवारी दुपारी नदीवर बोटींचे भोंगे वाजत असताना मी मोठी जांभई दिली आणि तोंड मिटेचना. आरशात पाहिलं तर जबडा पुढे आलेला, लाळ गळत होती. तोंडावर टॉवेल धरून कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या बंगाली डॉक्टरांच्या घरी गेलो. त्यांनी अंगठे स्पिरिटनं पुसले, त्यांना गॉज गुंडाळलं, माझ्या खालच्या दाढांवर ठेवून आधी खाली आणि मग मागे दाबलं. कानाशी कट्कन आवाज झाला आणि जबडा खोबणीत बसला. मग माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं टेकवून ते हिंदीत म्हणाले, "आता जरा बोला, सांधा नीट फिरतो का बघतो. तुमच्या भाषेत बोललात तरी चालेल." इथे आल्यापासून मराठी मोठ्यानं बोललोच नव्हतो. "खाणावळीतला भात घशाखाली उतरत नाही," मी म्हणालो, आणि मग आईच्या भाकऱ्या, घराचं मागचं दार, असं काहीबाही बोलतच राहिलो. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. सांधा केव्हाच तपासून झाला असणार, पण मी थांबेपर्यंत त्यांनी बोटं काढली नाहीत. आज घर माणसांनी भरलेलं आहे, सगळी मराठीच बोलतात. पण माझं बोलणं पुन्हा कोणी इतक्या शांतपणे ऐकल्याचं मला आठवत नाही.