सगळे श्री काढा

बाबांच्या निरोपाच्या भाषणाची वाट माझ्यामुळे लागली, हे आधीच कबूल करतो.

बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूमला होते. निवृत्तीच्या कार्यक्रमासाठी त्यांनी हाताने नऊ पानं लिहिली आणि माझ्यापुढे ठेवली. "मोठ्या अक्षरात टाइप करून दे. माह्या चष्म्यातून आता बारीक दिसत नाही."

मी कॉम्प्युटर लावला. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरने नवी आवृत्ती घ्यायची विनंती केली, ती मी मान्य केली. (विनंतीला नाही म्हणायची आमच्या घरात रीत नाही.)

मी मान खाली घालून, बोटांकडे बघत टाइप करतो. दर दोन ओळींनी सवयीने कंट्रोल-एस दाबत, सेव्ह करत सहा पानं केली. तेवढ्यात लाइट गेली. परत आली तेव्हा फाइलमध्ये 'सन्माननीय' हा एकच शब्द होता, फाइलला नाव देताना माउसने सेव्ह झालेला.

शोध लावला. नव्या आवृत्तीने कंट्रोल-एस स्वतःकडे घेतलं होतं. ते दाबलं की सेव्ह होत नव्हतं, 'श्री' उमटत होता.

"मंग जुनंच टाक ना," आई म्हणाली.

"नाही. एका बटणापुढे मी हरणार नाही."

"हट्ट काहून करून राहिला? उद्या कार्यक्रम आहे."

मी श्रीला कंट्रोल-पीवर पाठवला. मग प्रिंट निघेना, तिथेही श्री. त्याला परत एसवर आणला आणि ठरवलं, सेव्ह फक्त माउसने करायचं. मला पटलं, पण बोटांना कोण पटवणार? दुसऱ्या दिवशी दुपारी नऊ पानं पूर्ण झाली, तेव्हा मजकूर असा होता: 'मी नोकरीत श्री रुजू झालो श्री तेव्हा श्री.'

निघायला दहा मिनिटं उरली होती. मी कॉम्प्युटरला एकच हुकूम दिला: सगळे श्री काढ. प्रिंट घेतली. वाचली नाही.

बाबांनी उभी हयात काटा दाखवेल तोच आकडा वाचला. कागदही ते तसाच वाचतात. "सन्माननीय मती वानखेडे मॅडम," त्यांनी सुरुवात केली. पहिल्या रांगेतल्या वानखेडे मॅडमनी भुवया वर केल्या. पुढे कॅन्टीनच्या आठवणी आल्या: "तिथल्या खंडाची चव अजून जिभेवर आहे." मी खुर्चीत खाली सरकलो.

शेवटचं पान आईचं होतं. आईचं नाव जयश्री. "जिने माझा संसार ओढला, तिचं नाव अभिमानाने घेतो," बाबा म्हणाले. "जय..."

आणि पुढचं अक्षर शोधत थांबले. सभागृहाला वाटलं, घोषणा आहे. अर्धे लोक "भीम" म्हणाले, काही "हिंद", मागून एकजण दणक्यात "विदर्भ". नमस्काराला उभी राहिलेली आई तशीच खाली बसली.

आम्ही गाडीतून घरी निघालो. "टाळ्या लय भेटल्या पण," बाबा म्हणाले.

"एवढं सगळं काढताना कॉम्प्युटरनं काही विचारलं नाही तुले?" आईने विचारलं.

"विचारलं ना. 'नक्की?' म्हणून. मी हो दाबलं."

आई शांतपणे म्हणाली, "त्या मॅडमचा श्री गेला, मती तरी राहिली. तुही तर मतीबी नाही राहिली."