वापरात नसलेली बाज

घरातला पसारा कमी होत गेला, तसे किस्से वाढत गेले. आमच्या सूनबाईचा नियम आहे, घरात एक वस्तू आली की एक बाहेर गेली पाहिजे. किस्स्यांना हा नियम अजून लागलेला नाही, म्हणून ते साठलेत. पूर्वी पारावर बसलं की सांगून हलकं होता यायचं. आता पारावर ऐकणारेच कमी राहिले. म्हटलं, लिहून ठेवू.

लिहितो कसला! मला कुठं शाळा होती? मी सांगतो आणि नात उतरवते. तिच्या आईनं त्याला ‘लेखनाचा तास’ असं नाव दिलंय. माझ्या ‘हाय’चं नात ‘आहे’ करते.

तलवाड्यात आमचं घर. माणसं चार. मुलगा बाळू बीडला मोबाईलच्या दुकानात आहे. सकाळच्या एसटीनं जातो, दिवे लागल्यावर येतो. सून अर्चना, डी.एड. झालेली. नात आरोही. आणि मी. माझी म्हातारी होती, सोजर. ती गेली.

आधी ही तिघं बीडला खोली करून राहायची. आरोही तिथल्या शाळेत तोंडातून शब्दच काढीत नव्हती. घरी पोपटासारखी बोलायची आणि वर्गात गेली की मुकी. शेवटी सूनबाई म्हणाली, “मीच शिकवते. घरी.” अन् सगळं गावाकडं आलं. माणसं तीन आली, सामान मात्र टेम्पोभर!

*

पहिल्या दिवशी सूनबाई म्हणाली, “मामा, शाळेला घंटा पाहिजे. म्हणजे वेळेची सवय लागते.”

मी गुरांच्या कोठ्यात जाऊन आमच्या सर्ज्या बैलाच्या गळ्यातली घंटा शोधून आणली. सर्ज्या विकून बरीच वर्षं झाली, पण घंटा ठेवली होती. ओसरीच्या आढ्याला टांगली आणि हाणली दणादणा.

आरोही येऊन बसली. पाटी काढली. तेवढ्यात दारातून शेजारच्या चंद्रकलाबाईंची म्हातारी गाय आत आली! दावं तोडून. सर्ज्याबरोबर चरायला जायची ती. येऊन नातीशेजारी उभी राहिली आणि इकडंतिकडं बघायला लागली.

सूनबाई खडू हातात घेऊन तशीच. मी गायीकडं बघेना, नातीकडं बघायला लागलो. वर्गात मुकी होणारी पोरगी. ती गायीच्या गळ्यात हात टाकून मोठ्यानं ओरडली, “मम्मी, हिचं नाव पण टाक!”

पारावर माझ्या जोडीच्या रामभाऊनं विचारलं, “काय बे, घरात शाळा काढली म्हणं. पटसंख्या किती?”

“दोन.”

“दुसरं कोन?”

“चंद्रकलाबाईची गाय.”

“हुशार हाय का?”

“वेळेवर येती.”

गाय नंतरही यायची. उभी राहायची, सर्ज्या दिसला नाही की जायची. मी मग घंटा वाजवणं बंद केलं.

*

पुढं सूनबाईनं घर आवरायला काढलं. ती म्हणाली, “मामा, घरात पसारा असला की लेकराच्या डोक्यात पण पसारा होतो.” अंगणात तीन ढीग केले. ठेवायचं, द्यायचं आणि टाकायचं.

मी त्या ढिगांभोवती गस्त घालायला लागलो.

“मामा, ह्या छत्रीला कापड नाही.”

“काड्या हायेत की.”

“ह्या बॅटरीत सेल बसत नाहीत.”

“लेकरू खेळंल.”

“आणि हे?”

ते म्हणजे डबाभर कुलपं होती, बिनकिल्लीची. आणि एक जुडगा किल्ल्यांचा, बिनकुलपाचा. मी म्हणालो, “ह्यातली एखादी ह्याला लागत असंल.” सूनबाई कपाळाला हात लावून म्हणाली, “आरोही, आजचा गणिताचा तास आबांबरोबर. लावून बघा.”

नात आणि मी दुपारपर्यंत ओसरीवर बसलो. प्रत्येक किल्ली प्रत्येक कुलपाला. तेल घालून, फुंकर मारून, उलटी करून. एकसुद्धा लागली नाही!

“गेला तास वाया,” सूनबाई म्हणाली.

“वाया कुठं?” आरोही म्हणाली. “आता नक्की कळलं ना, कुणीच कुणाचं न्हाई!”

कुलपं गेली भंगारात. किल्ल्यांचा जुडगा मी खिशात ठेवला. चालताना आवाज होतो. घरात कुणीतरी आहे असं वाटतं.

*

घर झाल्यावर सूनबाईनं वेळ आवरायला घेतला. भिंतीवर मोठा कागद लागला. उठणं, आंघोळ, भाषा, गणित, जेवण, आराम, खेळ. मला वाचता येत नाही म्हणून नातीनं प्रत्येकापुढं चित्र काढलं. आंघोळीला बादली, जेवणाला भाकरी, आरामाला मिटलेले डोळे. संध्याकाळच्या अलीकडं एक टोपीवाला म्हातारा.

“हे कोन?”

“तुमी. हा आबांचा तास. तुमी गोष्ट सांगायची.”

मला लई आनंद झाला. माझा तास म्हणजे काय, कागदावर आलो! पण गंमत अशी की सकाळी उठल्यापासून मी त्या तासाची वाट बघायला लागलो. भाषेला त्या दोघी आत, गणिताला आत. मी ओसरीवर बसून टोपीवाल्याकडं बघायचो. ऊन काही केल्या सरकायचं नाही.

एक दिवस म्हणालो, “आरोही, माझा तास सकाळी लाव की.”

“कावून?”

“म्हंजे उरकलं की मी मोकळा.”

ती पेन्सिल कानावर खोचून म्हणाली, “आबा, तुमी मोकळेच हायेत!”

*

आता बाजेचं सांगतो.

ओसरीवर दोन बाजा होत्या. एक माझी आणि एक म्हातारीची. दोन्ही सुंभाच्या, मीच विणलेल्या. सुंभाच्या बाजेचं कसं असतं, माणूस रोज झोपतो तिथं झोळ पडतो. मग पायथ्याची दोरी ओढून ती ताठ करायची. माझी मी ताणून घेत होतो. तिची, ती गेल्यापासून, ताणली नव्हती. ती कुशीवर झोपायची, पाय पोटाशी घेऊन. तेवढाच, तिच्या मापाचा झोळ तिच्या बाजेला होता. अजून होता.

हे मी कुणाला बोललो नव्हतो. बोलण्यासारखं काय आहे त्यात?

पण रिकामी बाज म्हणजे पसाऱ्याला आवतण. नातीची पुस्तकं, बाळूची पिशवी, वाळलेले कपडे, सगळं तिच्यावर येऊन पडायचं. मी रोज संध्याकाळी ते उचलून ठेवायचो. सूनबाई बघायची. शेवटी एकदा म्हणाली, “मामा, दिवाळीच्या आत जी वस्तू वापरात नाही ती घरातून जाणार. मग कुणाची का असेना. माझी शिलाई मशीन पण.” आणि खरंच मशीन गेली! माहेरची होती तिची.

मी घाबरलो. आता बाज वाचवायची तर ती वापरात पाहिजे. वापरात आणायची तर तिच्यावर झोपलं पाहिजे. आणि झोपलो तर माझ्या वजनानं तिचा झोळ जाणार, माझा पडणार.

लई विचार करून मार्ग काढला. माझी बाज सोडली आणि तिच्या बाजेच्या कडेच्या लाकडावर झोपायला लागलो. अंग चोरून, एका कुशीवर, मधल्या भागाला धक्का न लावता.

काही दिवस जमलं. मग पडलो.

कपाळाला टेंगूळ घेऊन पारावर गेलो. रामभाऊ म्हणाला, “काय बे, कुठून पडलास?”

“बाजेवरून.”

“आरं, लेकरं पडत्यात बाजेवरून!”

“मधी जागा नव्हती.”

रामभाऊनं माझ्याकडं बघितलं. “एकट्याला?”

मी चहा पिऊन घेतला.

*

एकदा माझ्या तासाला सूनबाईनं विषय काढून दिला. “मामा, तुम्ही कारखान्याला ऊसतोडीला जायचे तेव्हा घर कसं नेत होता ते सांगा. कमी सामानात कसं राहायचं ते कळू दे हिला.”

नातीनं जमिनीवर खडूनं चौकोन आखला. हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतला आपला कोपरा. त्यात मावेल तेवढंच न्यायचं, सहा महिन्यांसाठी. तिनं गादी ठेवली, सायकल ठेवली, चौकोन संपला.

“आन् स्वयंपाक कशात करायचा?” मी विचारलं.

ती विचारात पडली. “आजी काय न्यायची?”

“पीठ, तवा, आंथरा-पांघरायला दोन वाकळा, चटणीचा डबा. आन् कोंबडी पाटीखाली झाकून.”

“बाज?”

“बाज न्हाई. बाज भिंतीला उभी करून जायचो. परत आलो की आजी झाडलोट करायच्या आधी बाज आडवी करायची आन् पडायची. धुळीतच. डोळे मिटून म्हणायची, आता घर आलं.”

सूनबाई दारात निवडायचं ताट घेऊन उभी होती. निवडायची थांबली.

नात म्हणाली, “तुमाला दोघांना मिळून एक कोयता म्हणायचे ना? पप्पांनी सांगितलंय.”

“हां. नवराबायको मिळून एक कोयता.”

“आन् एकटं माणूस असलं तर?”

“अर्धा कोयता.”

“मग आबा, तुमी आता...”

“आरोही,” सूनबाई म्हणाली, “तास संपला.”

*

दिवाळी जवळ आली. एका सकाळी चंद्रकलाबाई आल्या. त्यांची पोरगी बाळंतपणाला माहेरी आलेली, मोकळी झाली होती. आमच्याकडं बाळंतिणीला बाजेवर ठेवतात आणि खालून शेक देतात. त्यांच्याकडं होता तो लोखंडी पलंग, त्याच्या पत्र्याखाली शेक कसा देणार?

“दादा, तुमच्याकडं दोन बाजा हायेत. एक द्या. सव्वा महिन्यानं आनून देते.”

बाळंतिणीला बाज नाही म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही. मी म्हणालो, “न्या की.”

सूनबाई म्हणाली, “दुपारी पाठवते, काकू. धुऊन पुसून.”

जाणार ती म्हातारीचीच, आणि धुऊन पुसून म्हणजे ताणूनही. बाळंतिणीला झोळाची बाज कोण देईल? मी टोपी घातली. म्हणालो, “बीडला जाऊन येतो.”

“काय काम काढलं, मामा?”

“हाय एक.”

काम काय असणार? बीडच्या स्टँडवर जाऊन बसलो. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. शेजारच्या बाईनं विचारलं, “बाबा, कुठं जायचंय?” मी म्हणालो, “तलवाड्याला.” ती म्हणाली, “मग आत्ता गेली ती कावून सोडली?” मी म्हणालो, “पुढच्या गाडीनं जाईन.” पुढचीही सोडली. खिशातल्या किल्ल्या चाचपत बसलो. मनातल्या मनात दोरी ओढली जात होती आणि मी ती बघायला तिथं नव्हतो, एवढंच समाधान.

घरी आलो तेव्हा उन्हं उतरली होती. ओसरीवर एकच बाज. मी जोडे काढले, हातपाय धुतले, मग वर बघितलं.

म्हातारीची होती.

तशीच. दोरीला हात लागलेला नव्हता. माझी वाकळ घडी करून बाजेच्या मधोमध ठेवलेली.

“सूनबाई, माझी बाज?”

ती आतूनच बोलली. “दिली काकूंना. तुम्हीच ताणलेली, चांगली ताठ होती. आणि नियम तर तुम्हाला माहीत आहे, मामा. तुमची बाज किती दिवस वापरात नव्हती!”

मी कडेच्या लाकडावर टेकलो. नेहमीची जागा.

आरोही भिंतीवरचा कागद बघून आली. “आबा, आज तुमचा आराम राहिला. पडा.”

“पडतो.”

“तिथं न्हाई. पडसाल परत. मधी सरका की.”

“नको.”

“सरका!”

तिनं वाकळ ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी मला ढकललं. मी कुशीवर झालो. पाय पोटाशी घेतले, जमतील तेवढे. सुंभ जरासं करकरलं आणि थांबलं.

नात वाकून, डोकं तिरपं करून, सगळीकडून बघत राहिली. कुलपाला किल्ली लावून बघायची तसं. मग आत तोंड करून ओरडली, “मम्मी! आबा मावले!”

आतून भाकरी थापायचा आवाज थांबला.

“पाय?”

“पाय बाहेर हायेत.”

“राहू दे,” सूनबाई म्हणाली.