समोरच्या घराचा कवडसा

हिवाळ्यात कुंझेसच्या घराला दोन महिने ऊन दिसत नसे. धाकट्या बहिणीचं, डोलकरचं, सासर ओढ्यापलीकडे, वरच्या अंगाला, दिवसभर उन्हात. दोघींना स्थळं एकाच वर्षी आली. थोरलीचं आधी उरकायचं म्हणून बापानं पहिलं आलेलं, सावलीतलं घर कुंझेसला दिलं. तीस वर्षं झाली, बाप गेला, पण कुंझेसच्या मनातलं दुखणं काही गेलं नाही.

त्यात यंदा डोलकरनं काचेची खोली बांधली. बाहेर पाणी गोठलेलं असताना ही बाई आत टोमॅटोची रोपं वाढवायची! रोज दहाला त्या काचांवरून उडालेला कवडसा कुंझेसच्या स्वयंपाकघरात शिरायचा. ती चुलीपुढे खांबीरच्या जाड रोट्या भाजत असायची, तो नेमका तिच्या तोंडावर. बहीण खिजवतेय, दुसरं काय?

बाजारात तिनं डोलकरला गाठलं. "नोमो," तिनं धाकटीला हाक मारली, "तुझं वैभव माझ्या डोळ्यांत खुपतंय गं. पडदे लाव की जरा."

"लावते, आचे," डोलकर थोरलीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दहाला कवडसा हजर. तिसऱ्या दिवशीही. आठवडा झाला. "तोंडावर गोड बोलते आणि करायचं तेच करते!" कुंझेसनं तवा उतरवला आणि रागारागात बर्फावरून ओढा ओलांडला. रंगेहाथच पकडायचं होतं तिला.

काचेच्या खोलीचं दार तिनं धाडकन उघडलं. आत अंधार. सगळीकडे जाड घोंगड्यांचे पडदे, कडेला पिवळी पडून माना टाकलेली रोपं, आणि मधे शाल गुंडाळून बसलेली डोलकर.

"ये आचे. आता नाही ना येत उजेड?"

 कुंझेसनं घोंगडीची कड बाजूला करून ओढ्यापलीकडे पाहिलं. तिच्या खिडकीत कवडसा तस्सा चमकत होता. पडदा आतून होता, उजेड काचेच्या बाहेरच्या अंगावरूनच परतत होता. डोलकर बिचारी उगाच अंधारात बसली होती.

"येतो," कुंझेस म्हणाली. "येऊ दे."

तिनं एकेक घोंगडी ओढून काढली. ऊन दोघींच्या मांडीवर आलं. डोलकरनं चहा ओतला. कुंझेसनं पिवळ्या रोपांकडे पाहिलं, आणि तरीही, इतकं होऊनही, तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच: किती ऊन आहे हिच्याकडे.

मग तिला रडू फुटलं.