चाचांना न चावलेले पोपट

आमच्या अख्ख्या मंगरूळपीर तालुक्यात ज्याला आजवर एकही पोपट चावलेला नाही असा एकच माणूस आहे, आणि त्याच्या दहाही बोटांवर पोपटांच्या चोचींच्या खुणा आहेत. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, असं त्या माणसाला स्वतःला कधीच वाटलेलं नाही. मी एकदा शिक्षकी सवयीनं ते दाखवून द्यायला गेले, तेव्हा डाव्या अंगठ्यावरच्या चंद्रकोरीएवढ्या खुणेवर टिचकी मारून ते म्हणाले, "हे काई चावणं नाई बाई. हे माहं ऐकणं कमी पडलं. तो तीन खेपा नाई म्हणला, मी चौथ्यांदा इचारलं." दहा बोटांची अशी दहा स्पष्टीकरणं त्यांच्याजवळ तयार आहेत, आणि प्रत्येकात चूक त्यांची, पोपट निर्दोष.

रेवा, परवा तू फोनवर विचारलंस की मैत्रिणीचा पोपट पंधरा दिवस तुमच्याकडे राहायला येणार आहे, तो चावू नये म्हणून काय करायचं. तुझ्या भावाने, नीलने तर वेल्डिंगचे हातमोजे मागवायची तयारी केली होती. मी तुमच्यासाठी एक चांगली इंग्रजी पुस्तिका शोधून काढली. क्रमवार बारा नियम, प्रत्येकाखाली चित्र. पाठवण्याआधी ती चाचांना मराठीत वाचून दाखवली. त्यांनी बाराही नियमांना मान डोलावली आणि शेवटी म्हणाले, "हे लिवणाराले बांगड्या भरता येत असतीन." तेव्हा पुस्तिका राहू द्या. चाचांबद्दलच लिहिते, बारा नियम त्यात येऊन जातील.

चाचा म्हणजे आमचे बांगड्यावाले. दर्ग्याच्या रस्त्याला त्यांचं दुकान आहे. तुमच्या आईच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या लग्नात हिरवा चुडा त्यांनीच भरला होता. बांगडी भरणं हे बळाचं काम नव्हे. हात आधी चोळून मऊ करायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा, आणि बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी येऊन अडली की नेमक्या त्या क्षणी चाचा विचारतात, "माहेर कोनतं म्हणलं तुमचं?" बाई मनानं माहेरी पोचते आणि बांगडी मनगटावर. जी बाई त्या क्षणी घाबरून हात ओढते, तिचीच बांगडी फुटते आणि काचही तिलाच लागते. "हात ढिला सोडा" हे वाक्य चाचांनी आयुष्यात जितक्यांदा म्हटलं असेल, तितक्यांदा मी वर्गात "शांत बसा" म्हटलेलं नाही. शिवाय त्यांचं ऐकलं जाई.

हेच शास्त्र त्यांनी पोपटांना लावलं. अनोळखी पोपट आपल्या हातावर चढण्याआधी चोच पुढे करतो. चाचांच्या मते ती चोच नसते, हात असतो. फांदी पक्की आहे की नाही हे तो चाचपून पाहत असतो. माणूस घाबरून हात मागे ओढतो, फांदी हलते, आणि पडू नये म्हणून पोपट ती गच्च धरतो. मग माणूस ओरडतो, आणि आपण काहीतरी मोठंच काम केलं असं पोपटाला वाटतं. चुकून बोट चोचीत सापडलंच तर ओढायचं नाही, हात ढिला सोडून किंचित पुढे न्यायचा; म्हणजे त्याची पकड सैल होते. हे ऐकायला सोपं आहे. करताना बोट आपलं असतं.

नवीन पोपटाच्या भेटीला जाताना चाचा आधी अंगठी आणि घड्याळ काढून खिशात ठेवतात, कारण चकाकणारी वस्तू तपासून पाहणं हा पोपट आपला हक्क समजतो. मग ते पिंजऱ्याकडे पाठ करून उभे राहतात. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी पाव तास. "दोन्ही डोळे लावून फकत मांजर पाह्यते," असं त्यांचं म्हणणं. पाठ केलेल्या अवस्थेतच ते पोपटाला स्वतःचं नाव, मोहल्ला आणि धंदा सांगतात, आणि त्याच्या घरच्यांची चौकशी करतात. मग तिरपं वळून एका डोळ्यानं बघायचं. पोपटाचं बुबुळ भराभर लहानमोठं होत असेल, मानेची पिसं उभी असतील, शेपूट पंख्यासारखं पसरलं असेल, तर आज कार्यालय बंद आहे असं समजून परत फिरायचं. तसं काही नसेल तर खिशातला हरभऱ्याचा घाटा, म्हणजे ओली शेंग, पुढे करायचा, आणि हात नेहमी खालून न्यायचा, पोटाशी, पायांच्या जरा वर. डोक्यावरून हात कधीच नाही. वरून झडप घालायला फक्त शिकरा येतो.

या पद्धतीत वेळ फार जातो आणि तो नेहमी दुसऱ्यांचा जातो. इंझोरीला एका लग्नात ते बांगड्या भरायला गेले होते. मी मुलीकडची पाहुणी होते. मांडवात तीस-चाळीस बायका बाह्या वर करून बसलेल्या आणि चाचांचा पत्ता नाही. शोधल्यावर शेजारच्या ओसरीवर सापडले, एका पिंजऱ्याकडे पाठ करून उभे. नवरीची आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काहो चाचा, नवरीले बांगड्या भरता का पोपटाले?" चाचा मान न वळवता हळूच म्हणाले, "नवरी कुठी पळून चालली का माय? पाखरू आत्ताशी बोलून राह्यलं." नवरी दुसऱ्याच दिवशी सकाळी सासरी जायची होती आणि पोपट गेली सहा वर्षं त्याच पिंजऱ्यात होता, पण हे त्यांना पटवून देणं कुणाला जमलं नाही.

आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा कायद्यानं गुन्हा आहे, हे चाचा प्रत्येक घरी आधी सांगतात. घरचे लोक गंभीरपणे मान हलवतात आणि म्हणतात, खरं आहे चाचा, पण आमचा राघू तसा नाही. मानोऱ्याला बदलून आलेल्या एका साहेबांकडे मात्र रीतसर कागदपत्रांचा, परदेशी, राखाडी पोपट होता. साहेबांना आदेश द्यायची सवय. ते पिंजऱ्यात हात घालून "ये!" म्हणत आणि रक्त पुसत बाहेर येत. चाचांना गाडी पाठवून बोलावणं गेलं. साहेबांनी कारकुनांसमोर पुन्हा एकदा "ये!" करून दाखवलं आणि पुन्हा एकदा रक्त पुसलं. चाचा म्हणाले, "साहेब, आदेश नोका देऊ. अर्ज करा. अन् अर्ज करून घरी जा, आठ दिवसांनी इचारा." साहेबांच्या कार्यालयात ज्यांनी ज्यांनी अर्ज केले होते ते सगळे, म्हणे, खिडकीतून बघत होते. महिनाभरानं पोपट साहेबांच्या मनगटावर बसू लागला. कारकुनांशी बोलतानाही साहेबांचा आवाज उतरला, असं चाचा सांगतात. मला खात्री नाही.

पोपटाचा शब्दाविना नकार ओळखणाऱ्या या माणसाला माणसांचा नकार मात्र कळत नाही, ही त्यांची दुसरी ख्याती. पाहुणे जांभया देत असले तरी ते तिसरा चहा मागवतात. चाची त्यांच्यासमोर तोंड फुगवून दोन-दोन दिवस वावरते आणि ते विचारतात, "आज भाजीत मीठ कमी हाये का?" चाची मला म्हणाली होती, "बाई, मले पिसं असती ना, त यायले समजलं असतं." पोपट पाळायचा नाही ही तिची एकमेव अट, आणि ती चाचांनी इमानदारीनं पाळली. ते दुसऱ्यांच्याच पोपटांवर जीव लावत राहिले.

आता या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारी अंगणात कपडे काढायला गेले तर वाळणीच्या तारेवर एक हिरवा पोपट लटपटत होता. कुणाच्या तरी घरून सुटून आलेला. पायात लोखंडी कडी, कडीला बोटभर साखळी, आणि ती साखळी तारेत अडकलेली. कडीखालचा पाय सुजून काळपट झाला होता. मी क्रमानं सगळं केलं. गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला, ते लसीकरणाला दूरच्या खेड्यात होते. वनखात्याला फोन केला, त्यांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "पाय काळा पडला असेल तर उद्यावर टाकू नका, कडी आज निघाली नाही तर पाय जाईल. टॉवेलमध्ये गुंडाळा, पण छाती दाबू नका, छाती हलली नाही तर पक्ष्याला श्वास घेता येत नाही." एका पायाचा पोपट जंगलात किती दिवस काढणार? मी तिसरा फोन चाचांना केला.

चाचा आले, अंगठी काढली, घड्याळ काढलं, आणि पाठ करून उभे राहिले.

"चाचा, अहो, आज तरी!" मी म्हणाले.

"बाई, घाई आपल्याले हाये. त्याले सांगतली का कोनं?"

पण पाव तासाऐवजी त्या दिवशी पाच मिनिटांत ते वळले. पोपटाची छाती भात्यासारखी चालली होती. पिसं फुलवायचीही ताकद त्याच्यात उरली नव्हती. चाचांनी खालून पांढरा टॉवेल नेला, बाळाला घ्यावं तसं त्याला गुंडाळलं, साखळी तारेतून सोडवली आणि ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. मग पिशवीतून एक लहानशी पोलादी पकड काढली. सुजलेल्या हातात रुतलेली पाटली किंवा कडं कापायची ती पकड. बाळंतपणाच्या आधी हात सुजलेल्या कित्येक बायका चाचांकडे त्यासाठी येतात. तिचं टोक त्यांनी कडीखाली सरकवायला घेतलं आणि ते थरथरायला लागलं. त्यांनी हात मागे घेतला, झटकला, पुन्हा पुढे आणला. टोक त्या काडीएवढ्या पायापाशी येऊन पुन्हा थरथरलं.

वर्षभर दुकानात चाचीच बांगड्या भरत होती. विचारलं की चाचा म्हणायचे, "तिले थोळं शिकू देतो." लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या, आणि चाळीस वर्षं त्या दुकानात बसलेल्या बाईला शिकू देत होते. मीही ते ऐकून हसले होते आणि घरी आले होते.

चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमी कापा."

"मी? चाचा, मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं."

"मंग इंग्रजीत कापा. पन कापा."

त्यांनी गाठोडं स्वतःच्या मांडीवर घेतलं, मी पकड घेतली. पायाला हात लावताच मेल्यासारखा पडलेला तो पक्षी एकदम जागा झाला. टॉवेलमधून मान बाहेर काढून त्याने माझ्या बोटांकडे चोच टाकली. मी हात ओढला. पुन्हा गेले, पुन्हा ओढला. इतकी वर्षं ऐकलेलं शास्त्र त्या वेळी काही उपयोगी पडलं नाही. "असं नाई होत," चाचा म्हणाले, "त्याची चोच कामात पायजे." आणि त्यांनी आपली डाव्या हाताची तर्जनी त्याच्या चोचीत दिली.

पोपटानं ती धरली. हाडापर्यंत धरली असावी, कारण चाचांचे डोळे मिटले. पण हात त्यांनी ओढला नाही; ढिला सोडला. आणि नवरीशी बोलतात त्याच आवाजात ते त्याला विचारू लागले, "माहेर कोनतं म्हणलं तुह्यं? इकळचा का वाशिमकळचा? मायबाप हायेत का झाडावर?" माझी पकड एकदा घसरली, दुसऱ्यांदा घसरली. पोपट चावत होता, चाचा त्याच्या भावंडांची चौकशी करत होते आणि माझ्या चष्म्यावर घाम उतरत होता. तिसऱ्यांदा कडी कट्‌ करून तुटली. पाय मोकळा झाला. क्षणभरानं चोचही सुटली.

पांढऱ्या टॉवेलवर रुपयाएवढा लाल डाग पसरला होता. मी हळद आणि पट्टी आणली. बांधताना दिसलं की दुसरा हात अजून थरथरत होता, आणि तो त्यांनी गुडघ्याखाली दाबून धरला होता.

"चाचा, हा तर चावला," मी म्हणाले.

"नाई जी. भ्यालेल्या माणसानं कोनाचं बोट धरलं त तुमी त्याले चावला म्हन्ता का?"

मी पट्टीची गाठ मारली.

सकाळी वनखात्याची माणसं येऊन पोपटाला घेऊन गेली. चाचा अजूनही बांगड्या भरायला बसत नाहीत, आणि आता त्याचं कारण सांगायचीही त्यांना गरज वाटत नाही. गादीवर चाची, आणि ते शेजारी, हात मांडीवर ठेवून. पण बांगडी हाडापाशी अडली की चाची त्यांच्याकडे बघते, आणि ते समोरच्या बाईला माहेर विचारतात. तेवढं काम त्यांचं आहे.

मागच्या शुक्रवारी ते आले होते. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, उठताना दारात थांबून म्हणाले, "बाई, त्या पाखराची काई खबर?" मी त्यांच्यासमोरच वनखात्याला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं शोधून सांगितलं की त्याचा पाय भरून आला होता, पिसं नवी आली होती, आणि त्याला इतर पोपटांबरोबर मोठ्या जाळीच्या खोलीत सोडलं होतं. त्यातले बरेच आता जंगलात गेले. ती म्हणाली, तुमचा नेमका कोणता ते मात्र सांगता येणार नाही, सगळे सारखेच दिसतात. मला वाटलं, हे ऐकून चाचा खट्टू होतील. म्हणून जरा जपूनच सांगितलं.

"वळखू येत नाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही येत."

"मंग बरा झाला तो," चाचा म्हणाले, आणि चपला पायात सरकवून निघाले.